भिंतीतलं मटण आणि ‘माझा आवडता खेळ’



‘माझा आवडता खेळ’ हा निबंध आपल्या सगळ्यांच्या टाचण वहीत असतोच. तिसरीला आठ-दहा ओळी, चौथीला पंधरा, पाचवीला पानभर. मी बरीच वर्षं चौथी-पाचवीला शिकवतोय आणि खरं सांगायचं तर या निबंधाच्या वह्या मी अर्ध्या झोपेत तपासू शकतो. कबड्डीत सात खेळाडू असतात. कबड्डीने शरीर काटक होते. कबड्डीला साहित्य लागत नाही. म्हणून मला कबड्डी आवडते. पस्तीस वह्यांपैकी वीस कबड्डी, दहा क्रिकेट, उरलेल्या खो-खो. सगळ्यांना एकाच कारणासाठी एकच खेळ आवडतो, कारण गाईड एकच आहे.

गेल्या वर्षी जानेवारीत यातल्या एका वहीत मला असं काहीतरी वाचायला मिळालं. शब्द त्याचेच, शुद्धलेखन तेवढं मी सुधारतोय:

‘माझा आवडता खेळ चाबूकवाला आहे. त्यात एक माणूस भुताच्या वाड्यात जातो. त्याच्याकडे चाबूक असतो. मेणबत्तीला चाबूक मारला की बदाम पडतो. बदाम म्हणजे जीव नाही. बदाम दुसऱ्या हत्याराला लागतो. जीव पाहिजे तर भिंत फोडायची. सगळ्या भिंती फुटत नाहीत. भिंतीत मटण असते. मटण खाल्ले की जीव भरतो. वरून डोकी येतात, ती सरळ येत नाहीत.’

मी काय केलं? ‘भिंतीत मटण’ला लाल पेनाने गोल केला आणि दोन प्रश्नचिन्हं दिली. खाली लिहिलं, ‘भुताखेतांचे लिहू नये. मैदानी खेळावर निबंध लिहून आण.’

दुसऱ्या दिवशी तो कबड्डी लिहून घेऊन आला. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं. मी ‘छान’ लिहून एक स्टार काढला.

या मुलाला धाप लागते. पीटीच्या तासाला तो कडुनिंबाखाली बसून सगळ्यांच्या चपला राखतो. कबड्डी तो आयुष्यात एकदाही खेळलेला नाही आणि हे मला त्या दिवशीही माहीत होतं. वर्षाच्या शेवटी त्याच्या वर्णनात्मक नोंदीत मी काय लिहिलं, तेही सांगून टाकतो: ‘स्वतःचे अनुभव स्वतःच्या शब्दांत लिहितो.’

ही गोष्ट इथेच संपली असती. पण मे महिन्यात आम्ही पुण्याला धाकट्या भावाकडे गेलो. तो आयटीत आहे, लग्न व्हायचंय, त्यामुळे घरात पुस्तकांपेक्षा गेम जास्त. रात्री जेवणं झाल्यावर त्याने जुन्या गेमचा एक संच लावला आणि पहिल्याच मिनिटाला जे संगीत वाजलं ते ऐकून मी हातातली बडीशेप खाली ठेवली. हे मला पाठ होतं. पडद्यावर एक माणूस लोखंडी फाटकातून आत आला, उजवीकडे चालायला लागला आणि त्याने मेणबत्तीला चाबूक मारला. बदाम पडला.

आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या मागे एक जण तासावर व्हिडिओ गेम खेळायला द्यायचा. मी सहावी-सातवीत असेन. मारिओ आणि काँट्रासाठी रांग असायची. एक कॅसेट मात्र कुणी फारशी मागायचं नाही, कारण ती अवघड होती. तिच्यावरचं इंग्रजी नाव आम्हाला वाचता यायचं नाही, म्हणून आम्ही तिला ‘चाबूकवाला’ म्हणायचो. माझ्या विद्यार्थ्याचा मामा माझ्याच वयाचा आहे आणि त्याच गावचा. मुलगा खेळतो तो मामाच्या मोबाईलवर. म्हणजे आम्ही पोरांनी ठेवलेलं नाव मामाकडून भाच्यापर्यंत आलं, भाच्याने ते निबंधाच्या पहिल्या ओळीत लिहिलं, आणि मला ते दिसलंच नाही. ‘भूत’ शब्द आला आणि माझं वाचणं तिथंच थांबलं.

या गेमचं खरं नाव ‘कॅसलव्हेनिया’. जपानच्या कोनामी कंपनीने तो सप्टेंबर १९८६ मध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या यंत्रासाठी काढला. तिथलं नाव ‘आकुमाजो दोराक्युरा’, म्हणजे साधारण ‘ड्रॅक्युलाचा सैतानी किल्ला’. १९८७ मध्ये अमेरिकेत गेल्यावर तो ‘कॅसलव्हेनिया’ झाला. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायची जी स्वस्त यंत्रं मिळायची, त्यातली बरीचशी याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्यामुळे दहा-बारा वर्षं उशिरा का होईना, हे जपानी खेळ आमच्या एसटी स्टँडपर्यंत पोचले.

गोष्ट एका ओळीची आहे. सायमन बेलमाँट नावाचा माणूस वडिलोपार्जित चाबूक घेऊन एकटाच ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात शिरतो. किल्ल्याचे सहा भाग, अठरा टप्पे. प्रत्येक भागाच्या शेवटी एक मोठा राक्षस: आधी प्रचंड वटवाघूळ, मग केसांच्या जागी साप असलेली मेड्युसा, मग दोन ममी, मग फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस, मग हातात विळा घेतलेला साक्षात मृत्यू, आणि सगळ्यात शेवटी ड्रॅक्युला.

ही सगळी मंडळी उसनी आणलेली आहेत, आणि कुठून आणली तेही गेम लपवत नाही. सुरुवातीच्या पडद्यावर दोन्ही बाजूंना सिनेमाच्या फिल्मला असतात तशी भोकं दाखवलीत. खेळ संपल्यावर सिनेमासारखी श्रेयनामावली येते आणि त्यातली नावं वाचून भाऊ खो खो हसत होता. ड्रॅक्युलाच्या भूमिकेत ‘ख्रिस्तोफर बी’. १९५८ च्या ब्रिटिश सिनेमात ड्रॅक्युला झाला होता ख्रिस्तोफर ली. फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाच्या भूमिकेत ‘बोरिस कार्लोफिस’. १९३१ साली तो राक्षस बोरिस कार्लॉफने केला होता. लेखक म्हणून ‘व्रॅम स्टोकर’. ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी ब्रॅम स्टोकरची, १८९७ ची. संगीताला ‘जेम्स बनाना’. एक अक्षर इकडे, एक अक्षर तिकडे. आपली पोरं हजेरीच्या वेळी एकमेकांच्या नावांची जशी वाट लावतात, अगदी तसं. या विनोदात एक गोष्ट मात्र मला खटकली. माझ्या डोक्यात पंचवीस वर्षं राहिलेलं ते संगीत किनुयो यामाशिता आणि सातोए तेराशिमा यांनी केलंय, आणि त्यांची खरी नावं त्या यादीत नाहीत.

फ्रँकेन्स्टाइनबद्दल जरा जास्त सांगतो, कारण आपल्या धंद्याशी त्याचा संबंध आहे. फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नाव नाहीच. ते त्याला बनवणाऱ्याचं नाव. मेरी शेलीने ही कादंबरी लिहायला घेतली १८१६ मध्ये, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. दोन वर्षांनी पुस्तक आलं. त्यात राक्षसाला नावच दिलेलं नाही. बनवणारा त्याला जन्म देतो आणि त्याचं रूप बघून पळून जातो. मग हा भटकत एका झोपडीमागच्या खोपटात लपून राहतो. भिंतीच्या फटीतून तो शेजारच्या कुटुंबाला बघतो, त्यांचं बोलणं ऐकतो. त्या घरात एका पाहुणीला भाषा शिकवली जात असते. हा भिंतीपलीकडून तोच पाठ शिकतो, बोलायला शिकतो, वाचायला शिकतो. वर्गात न घेतलेला, हजेरीपटावर नसलेला विद्यार्थी! मी सुट्टीत हे वाचलं आणि मला राहून राहून कडुनिंबाखाली बसलेला आमचा गडी आठवत होता.

बरं, आता गेमबद्दल. भावाकडे मी आठ दिवस होतो आणि रोज रात्री तासभर हा गेम खेळलो. बायकोने सुरुवातीला चेष्टा केली, नंतर तीच विचारायला लागली, ‘आज कितव्या टप्प्यावर?’

खेळताना लक्षात आलं की त्या मुलाने लिहिलेलं प्रत्येक वाक्य म्हणजे एक निरीक्षण होतं. ‘बदाम म्हणजे जीव नाही.’ नवा माणूस इथंच फसतो. लाल बदाम बघितला की वाटतं जीव वाढला. पण तो खर्ची असते. खंजीर, कुऱ्हाड, पवित्र पाणी, क्रूस अशी जादा हत्यारं मिळतात, त्यातलं एक वापरलं की एक बदाम जातो. घड्याळ वापरून वेळ थांबवायची असेल तर पाच जातात. हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, इंग्रजी त्याला येत नाही. त्याने करून बघितलं, आकडा कमी झालेला पाहिला आणि निष्कर्ष काढला. विज्ञानाच्या तासाला आपण ‘निरीक्षण’, ‘अनुमान’ हे शब्द फळ्यावर लिहितो ते याच्यासाठीच ना?

‘सगळ्या भिंती फुटत नाहीत.’ खरंच फुटत नाहीत. काही ठराविक विटाच फुटतात आणि त्यातल्या काहींमागे भाजलेलं मटण असतं. ते तिथं का असतं, किती वर्षांचं आहे, हे विचारायचं नाही. मी दोन प्रश्नचिन्हं काढली होती, पण त्याने जे आहे तेच लिहिलं होतं.

‘वरून डोकी येतात, ती सरळ येत नाहीत.’ ही मेड्युसाची डोकी. नुसती डोकी, धड नाही. ती हवेतून येतात, पण वर-खाली, वर-खाली अशी लाटेसारखी. एकामागून एक. डोकं आपल्याकडे येतंय म्हणून घाबरून उडी मारली तर नेमकी ती लाट वर असते आणि आपण तिच्यावर आपटतो. या गेममध्ये एकदा उडी मारली की हवेत दिशा बदलता येत नाही. फटका बसला की सायमन मागे उडतो, आणि मागे खड्डा असेल तर गेला. म्हणून थांबायचं, लाट मोजायची, खाली आली की चाबूक. मी हे चौथ्या रात्री शिकलो. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने ते एका वाक्यात लिहिलं होतं.

मला जे म्हणायचंय ते असं. मुलांना भीती वाटू नये म्हणून आपण भीतीचा विषयच काढू देत नाही. वहीत भूत नको, चित्रात भूत नको, गप्पांत भूत नको. पण मुलांना भीती वाटतेच. अंधाराची वाटते, परीक्षेची वाटते, भागाकाराची वाटते, काहींना घरी दारू पिऊन येणाऱ्या माणसाची वाटते. त्या भीतींना नियम नसतात, निदान मुलांना ते दिसत नाहीत. या किल्ल्यातल्या प्रत्येक राक्षसाला मात्र नियम आहे. मुडदे सरळ चालत येतात. काळा चित्ता तुम्ही जवळ जाईपर्यंत बसून राहतो. मासेमाणसं पाण्यातून उसळून वर येतात. पहिल्यांदा दचकायला होतं, दहाव्यांदा कळतं, पंधराव्यांदा पोरगं शेजारच्याला सांगतं, ‘आता बघ, इथनं येणार.’ भीतीचं असं रूपांतर मुलाच्या हातून होत असेल तर त्याला लाल पेन लावण्याचा मला काय अधिकार?

आणि आपल्याकडे हे नवीन कुठे आहे? मुंजा पिंपळावर असतो, चकव्यात सापडला की माणूस तिथल्या तिथंच फिरत राहतो, हे नियमच आहेत. माझ्या पिढीने चांदोबात विक्रम-वेताळ वाचलाय. वेताळाचा नियम ठरलेला. राजा बोलला की वेताळ परत झाडावर. मग राजा काय करतो? पुन्हा त्याच झाडाकडे जातो. लहानपणी मला त्याची दया यायची. आता वाटतं, बरं तरी, त्याला दर वेळी उज्जैनीपासून चालत यावं लागत नव्हतं.

हा गेमही तसाच वागतो. अवघड आहे, पण दुष्ट नाही. जीव गेला की त्याच टप्प्याच्या सुरुवातीला. तिन्ही जीव गेले तरी त्या भागाच्या सुरुवातीला. अठराव्या टप्प्यावर ड्रॅक्युलापुढे हरलात तर सोळाव्यापासून, पहिल्यापासून नाही. आणि कितीही वेळा. पंधराव्या टप्प्यावर एक बोळ आहे. समोरून चिलखत घातलेले कुऱ्हाडवाले, वरून मेड्युसाची डोकी, आणि बोळ संपला की मृत्यू उभा. तिथं मी किती वेळा मेलो ते मोजायचं सोडून दिलं. पण त्या भागाच्या आधीचे बारा टप्पे माझ्याकडून कुणी काढून घेतले नाहीत. आपल्याकडे आता पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा सुरू झाली आहे. नापास झालं तर पुनर्परीक्षा आणि तीही गेली तर मूल त्याच वर्गात. एका गणितात अडकलेल्या पोराला परिसर अभ्यास, भाषा, सगळंच पहिल्यापासून. मी ना-नापास धोरणाचा आंधळा भक्त नव्हतो, आठवीतल्या मुलाला जोडाक्षर वाचता येत नाही हे मी बघितलंय. पण १९८६ च्या एका चाबूकवाल्या गेमला जे कळलं, की माणूस जिथं अडला तिथूनच त्याला उभं करायचं असतं, ते आपल्या नियमावलीला अजून कळायचंय.

आता तुमच्या मनातली शंका. जूनमध्ये मी स्टाफरूमला हे बोललो तेव्हा एक सहकारी म्हणाले, ‘सर, उद्या पोरं गोळीबाराच्या गेमवर निबंध लिहितील.’ लिहू देत की. लिहिलं म्हणजे मी खेळायला परवानगी दिली असं होत नाही. उलट पोरगं रात्री बारापर्यंत काय करतंय ते मला वहीतून तरी कळेल. कबड्डीच्या दहा ओळींतून काय कळणार?

भुताचे सगळेच गेम चांगले असंही माझं म्हणणं नाही. अंधाऱ्या घरात कोंडून ठेवणारे, अचानक किंकाळी मारून दचकवणारे गेम हल्ली पोरांच्या मोबाईलवर असतात. त्यातला एक खेळून आमच्या तिसरीतली एक मुलगी रात्री एकटी मोरीत जायची बंद झाली होती. तिच्या आईला मी तो काढून टाकायलाच सांगितलं. माझी स्वतःची मुलगी दुसरीत आहे, तिला मी चाबूकवाला अजून दाखवलेला नाही. चौथी-पाचवीच्या मुलाला जे पेलतं ते दुसरीला पेलत नाही, आणि कुठल्या मुलाला काय पेलतं हे शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. पालकहो, एवढं एक तरी करा, एकदा शेजारी बसा.

मी बसलो. जून उघडल्यावर मुलाच्या मामाला शाळेत बोलावलं. तो बिचारा घाबरून आला. म्हणाला, ‘सर, चुकलं, आता देत नाही मोबाईल.’ म्हटलं, आधी मला तो गेम दाखवा. ‘जुने गेम’ अशा नावाच्या कुठल्याशा फुकट ॲपवर तो होता. सायमनचा जीव गेला की लगेच एक जाहिरात यायची. कधी पत्त्यांची, पैसे लावा आणि पैसे जिंका. कधी घरबसल्या कर्ज. मुलगा अंगठ्याने ती इतक्या सवयीने बंद करत होता की मला त्या वाड्यातल्या कुठल्याही भुतापेक्षा तिचीच जास्त भीती वाटली. मामाला मी एवढंच सांगितलं, खेळताना मोबाईलचं इंटरनेट बंद करा आणि अर्धा तास झाला की थांबवा. मामा म्हणाला, ‘सर, तुम्ही पन स्टँडमागं खेळायचा काय?’ मग आमची अर्धी मधली सुट्टी त्या दुकानावरच गेली.

तो मुलगा आता माझ्याकडे पाचवीत आहे. गेल्या आठवड्यात मी पुन्हा ‘माझा आवडता खेळ’ दिला. अटी दोनच. खेळ तुम्ही स्वतः खेळलेला पाहिजे. आणि त्यातली अशी एक गोष्ट सांगायची जी सरांना माहीत नाही. फळ्यावर मुद्दे लिहून दिले नाहीत. दहा मिनिटं वर्ग नुसता पेन चावत होता. मग कुणीतरी विचारलं, ‘सर, गोट्या चालतील?’ चालतील. ‘सर, ट्रॅक्टरचं टायर ढकलायचं चालेल?’ चालेल. चाबूकवाला मात्र खाली मान घालून बसला होता. थोड्या वेळाने उठून टेबलापाशी आला आणि हळूच म्हणाला, ‘सर, भूत चालंल का?’

मी म्हटलं, ‘चालंल. मागच्या वर्षी माझं चुकलं.’ शिक्षकाने वर्गात ‘चुकलं’ म्हणावं की नाही, यावर डी.एड.ला आम्हाला काही शिकवलं नव्हतं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू भिंतीतनं मीच बाहेर पडलोय.

त्या दिवसाच्या वह्या मी झोपेत तपासल्या नाहीत. गोट्यांच्या निबंधात ‘ढब’ आणि ‘राजा-राणी’ असे शब्द आले, जे मी विसरून गेलो होतो. टायर ढकलणाऱ्याने उतारावर टायर सोडून दिलं तर काय होतं हे सविस्तर लिहिलंय, त्यात कुणाच्या तरी कोंबड्या आहेत. एका मुलीने चारच ओळी लिहिल्या. तिला आवडता खेळ नाही, कारण शाळेतून गेल्यावर ती भावाला सांभाळते, पण भाऊ झोपला की ती त्याच्या पाळण्याच्या दोरीवर आकडे मोजते, एका गाण्यात किती झोके होतात ते. गेल्या वर्षी तिने खो-खोवर पंधरा ओळी लिहिल्या होत्या आणि मी त्यालाही स्टार दिला होता. तिच्या घरी मी शनिवारी जाऊन आलो. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

चाबूकवाल्याने दोन पानं लिहिली. गणितही आहे त्यात. सायमनच्या जीवाची घरं सोळा असतात. सुरुवातीच्या टप्प्यांत एका फटक्याला दोन जातात, म्हणजे आठ फटके चालतात. शेवटच्या टप्प्यांत एका फटक्याला चार जातात, म्हणजे चारच. भागाकार म्हटलं की पाटी पालथी घालणाऱ्या या मुलाने सोळा भागिले चार वहीच्या कोपऱ्यात मांडून दाखवलंय, बाकी शून्यसकट. मेड्युसाच्या डोक्यांची लाट त्याने काढली आहे आणि उभं कुठं राहायचं तिथं फुली मारली आहे. खाली मला एक प्रश्न: ‘डोक्याला पोट नाही तर ती खाते कशाला?’

मी शुद्धलेखनाच्या सात चुका हिरव्या पेनाने दाखवल्या. प्रश्नाचं उत्तर मला आलं नाही, तसं लिहिलं. भावाकडे मी पंधराव्या टप्प्यावरच अडकून परत आलो होतो, हे मी वर्गात सांगितलं होतं. ते त्याने लक्षात ठेवलं असावं. निबंधाच्या शेवटच्या ओळीखाली एक ओळ सोडून त्याने लिहिलंय: ‘सर, बोळात कुऱ्हाडवाला आला की पाण्याची बाटली टाका. तो जागच्या जागी थांबतो. मग मारा.’

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला जाणार आहे. बघू.